सोमवारी अक्काचे हात दुखणार होते

सिव्हिलचा डिप्लोमा करून मी धुळ्याहून जळगावला परत आले तेव्हा माझ्याकडे तीन गोष्टी होत्या: एक पत्र्याची पेटी, एक टी-स्क्वेअर आणि भयंकर आत्मविश्वास. यातली पेटी अजून माळ्यावर आहे. टी-स्क्वेअर कुणीतरी नेला तो नेलाच. तिसऱ्या वस्तूचं काय झालं, तेच इथे सांगायचं आहे. मात्र आधीच कबूल करते की त्या तीन महिन्यांत घरात नेमकं कोण काय ठरवत होतं हे मला तेव्हा समजत नव्हतं, आणि आता साठी उलटल्यावरही मी छातीठोक सांगू शकत नाही.

माझे वडील, नाना, इमारतींची कंत्राटं घेत. फार मोठी नव्हेत. कुठे शाळेच्या दोन खोल्या, कुठे दुकानाचे गाळे, कुठे कुणाचं घर. आमच्या घराच्या मागच्या अंगणात स्लॅबखाली लावायच्या, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा रचलेल्या असत, आणि सकाळी त्या टेम्पोत भरताना जो खणखणाट होई त्याने गल्लीतल्या सगळ्यांना जाग येई. आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती सकाळीच बाहेर पडे, त्यामुळे स्वयंपाकघर पूर्णपणे अक्काच्या ताब्यात होतं. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, नात्याने माझी आत्या. पण मजुरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. नवरा लवकर गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. तिला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, आणि बोले ती अहिराणीच. घरात ती फक्त रांधते अशी आमची सगळ्यांची समजूत होती, आणि तिने ती कधी मोडली नाही.

आमच्याकडे स्लॅब पडायचा म्हणजे लहानसं लग्नच असे. एकदा काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही. सकाळी नारळ फुटला की मिक्सर धडधडायला लागतो आणि घमेली हातोहात वर जात राहतात ती काम संपेपर्यंत. त्या दिवशी सगळ्या टोळीला जेवण घालायची आपल्याकडची पद्धत. इतर कंत्राटदार ते मालकावर सोडून देत. नाना मात्र म्हणत, माझ्या कामावर माझ्या घरचंच जेवण जाईल. मग अक्का आदल्या दिवशी गहू-मक्याचं जाडंभरडं पीठ मळून बट्ट्या वाफवून ठेवी, पहाटे कापून तळायला घेई. तुरीचं घट्ट वरण, घोटलेल्या वांग्यांची भाजी, वरून तुपाची धार. टोळी, तिची पोरंबाळं, सेंट्रिंगवाले, मिक्सरवाले धरून चाळीस माणसांचं जेवण ती आणि शेजारच्या दोघी मिळून काढत. तळणीचा तो वास आला की कुठेतरी स्लॅब आहे हे मी झोपेतही ओळखत असे. आता माझ्या डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. तरी एखाद्या स्लॅबच्या दिवशी मी हळूच एक बट्टी तोंडात टाकते, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

तर मी परत आले आणि पहिल्याच आठवड्यात शिंदखेड्याचं स्थळ आलं. मुलगा बरा होता, शिकलेला होता, घरी शेती होती. एकच अट त्यांनी निरोपात घातली होती की मुलीने साइटवर वगैरे जायचं नाही. आई म्हणाली, "बघून तर घे, बघायला काय लागतं?" मला रडू आलं आणि रागही आला. तीन वर्षं उन्हात सर्व्हेच्या काठ्या धरून उभी राहिले ती काय चहाचे कप बाहेर नेण्यासाठी? मी नानांशी भांडले. नाना भांडणाला घाबरणारे नव्हते, पण माझ्या रडण्याला घाबरत. शेवटी ते म्हणाले, "ठीक. हातात एरंडोलचा दवाखाना आणि जामनेरचे गाळे आहेत. दोन्हीचं नियोजन तू कर. आखाजीच्या आत दोन्ही स्लॅब पडले आणि खर्च माझ्यापेक्षा कमी आला, तर कामावर ये. नाही तर पाहुण्यांना बोलवायचं, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही." मी हो म्हटलं. तेव्हा नुकताच माघ लागला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून खूप लांब वाटत होती.

नानांच्या कामात पैसा कुठे गळतो ते मला दोन दिवसांत दिसलं. त्यांच्या दोन टोळ्या होत्या, प्रत्येक साइटला एक. एरंडोलला सेंट्रिंग चालू असलं की तिथली काँक्रीटची माणसं सावलीत बसून असत आणि त्याच दिवशी जामनेरला हात कमी पडत. पुढच्या आठवड्यात बरोबर उलटं. म्हणजे बसलेल्यांनाही रोजगार द्यायचा आणि अडलेल्या कामाचाही भुर्दंड सोसायचा. मी ग्राफपेपरचे चार कागद चिकटवून एक तक्ता केला. वर तारखा, डावीकडे कामं. दोन टोळ्यांची एकच टोळी करून तिने एरंडोलचा स्लॅब टाकायचा, तो पाणी पिऊन पक्का होईपर्यंत जामनेरला विटांचं काम उरकायचं, मग एरंडोलच्या प्लेटा काढून जामनेरला न्यायच्या आणि तिथला स्लॅब. कुणी रिकामं बसणार नाही, काही अडणार नाही. माणसांसाठी मी तक्त्याच्या तळाशी एकच ओळ ठेवली होती: 'मजूर बावीस'. होळी आणि धुळवडीच्या दोन चौकटी लाल रंगवल्या, म्हणजे सुट्टी. नानांनी चष्मा वर करून तो तक्ता बराच वेळ बघितला. "माणसं मिळतील ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "माणसांचं माझं कधी अडलं नाही. स्लॅबच्या दिवशी टोळी आली नाही असं वीस वर्षांत घडलेलं नाही. नशीब म्हण." मीही त्याला नशीबच म्हटलं. विषय संपला.

त्या तक्त्यात एरंडोलचा स्लॅब होळीच्या आधीच्या सोमवारी येत होता. दहा दिवस आधी मी स्वयंपाकघरात जाऊन अक्काला दिवस सांगितला. ती कळण्याच्या भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या सोमवारले मना हात दुखतीन."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, दहा दिवस आधी कसं कळतं?"

"मना हात शेतस. माले कळस."

"मग मंगळवारी?"

"मंगयवारले बी दुखतीन. तो बठ्ठा आठोडा दुखतीन." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी बाहेर येऊन नानांना सांगितलं. त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. "करते ती असं. कधी म्हणेल वांगी मिळणार नाहीत, कधी म्हणेल उपास आहे. मी दिवस पुढे ढकलतो. तुझा तक्ता आहे, तू बघ." माझं डोकंच फिरलं. म्हणजे इमारतीचा स्लॅब कधी पडायचा हे वांग्यांवर ठरायचं? आम्हाला शिकवलं होतं की कामाच्या वाटेतली अनावश्यक अडचण शोधून काढायची. मला ती सापडली. मी एरंडोलला जाऊन एका खाणावळीत चाळीस जणांच्या वरण-बट्टीची ऑर्डर देऊन आले, आणि घरी येऊन मोठ्या उत्साहात सांगितलं, "अक्का, तू विश्रांती घे. जेवणाची सोय झाली." तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण ती "बरं" एवढंच म्हणाली आणि परातीतलं पीठ झाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मला वाटलं, खूश झाली.

शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली, ती मी डोळ्यांनी पाहिली आणि तरी मला दिसली नाही. आमची टोळी सातपुड्यातली, चोपड्याच्या वरच्या पाड्यांवरची पावरा आदिवासी माणसं. त्यांचा पुढारी सायसिंग. झोपडीत भरवसा नाही म्हणून टोळीतल्या बायका आपले चांदीचे दागिने अक्काकडे ठेवायला देत. तिच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती. त्यात प्रत्येकीचं वेगळं गाठोडं, आणि कुठलं कुणाचं हे फक्त अक्काला माहीत. त्या संध्याकाळी सगळ्याजणी एकदम आल्या. अक्का एकेक गाठोडं काढून देत होती, त्या हसत होत्या, एकीने तिथेच वाकून पायात वाळे चढवून बघितले. मी तक्ता काखेत घेऊन त्यांच्या मधून वाट काढत गेले आणि मनात म्हटलं, काय हा गोंधळ. ट्रंक रिकामी झाली एवढं माझ्या लक्षात आलं होतं. त्यापुढे माझी अक्कल गेली नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मी आणि नाना एरंडोलला पोचलो. मिक्सर आला होता. खडी, वाळू, सिमेंट जागेवर होतं. सेंट्रिंगवाला यशवंत प्लेटांवर तेल फिरवून तयार होता. दवाखान्याचे मालक डॉक्टर पांढरा शर्ट घालून नारळ घेऊन उभे होते. फक्त माणसं नव्हती. आठ वाजले, नऊ वाजले. मी रस्त्यापर्यंत जाऊन तीनदा बघून आले. टोळीच्या झोपड्यांना बाहेरून कड्या लावलेल्या होत्या आणि तिथे एक कुत्रं झोपलं होतं. एकदम बावीस माणसं कुठे जातात? भांडण झालं? दुसऱ्या कंत्राटदाराने पळवली? सायसिंग मला ताई ताई म्हणायचा, त्याला सांगून जावंसं वाटलं नाही? मी तक्ता उघडून पुन्हा पुन्हा बघत होते. त्यात सोमवारची चौकट हिरवी होती. यशवंतने दोन-तीनदा तोंड उघडलं आणि शेवटी विचारलं, "ताई, आज भोंगऱ्याचा बाजार नाही का?"

भोंगऱ्या मला ऐकून माहीत होता. होळीच्या आधीच्या आठवड्यात पावरा लोकांचे गावोगावी बाजार भरतात, ढोल वाजतात, चांदी घालून बायका-मुली नटून येतात. पण ती मी तिकडच्या डोंगरातली गोष्ट समजत होते. आमच्या स्लॅबशी तिचा काही संबंध असेल, किंवा होळीचे दोन लाल चौकोन त्यांच्या दृष्टीने पंधरा दिवसांचे असतील, हे माझ्या डोक्यात कुठून येणार? मी नानांकडे बघितलं. तेही माझ्याइतकेच गोंधळले होते. "दर वर्षी जातात," ते म्हणाले, "पण माझं काम कधी अडलं नाही..." आणि वाक्य अर्धंच राहिलं.

एवढ्यात खाणावळीचा टेम्पो आला. चाळीस जणांचं जेवण, आणि खायला आम्ही दोघं, यशवंत, त्याची दोन माणसं, मिक्सरवाला आणि डॉक्टर. परत न्यायला खाणावळवाला तयार नव्हता. शेवटी डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या पेशंटांना पत्रावळी वाटल्या. तापाने फणफणलेल्या माणसांनी त्या दिवशी वरण-बट्टी खाल्ली. नाना उलट्या घमेल्यावर बसून जेवले. एक बट्टी मोडून बघितली आणि म्हणाले, "आतून कच्ची आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराआड पुसलं. मिक्सरचं भाडं, जेवण, यशवंतच्या माणसांचा दिवस, सगळं पाण्यात गेलं होतं. परत येताना मोटरसायकलवर नाना वळून एवढंच म्हणाले, "आजच इतकं पाण्यात गेलं, आता खर्च काही कमी यायचा नाही. बुधवारी बोलवतो शिंदखेड्याच्या लोकांना. बोलल्याप्रमाणे." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी थेट अक्काच्या खोलीत गेले. ट्रंक अजून उघडीच होती. "तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हा. सायसिंग दरसाल माले सांगी जास."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगं व्हतं ना. हात दुखतीन म्हणी सांगं व्हतं."

"अक्का, सरळ सांगायचं ना!"

तिने ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाली, "सरळ सांगं तं भाऊ म्हणस, एक दिन थांबाले काय व्हस? मंग त्यास्ना संगे भांडन. लोके निंघी जातस ते परत येतस नही. मना हात दुखतस तं कोनसंगे भांडाव? गुपचूप दिन बदली टाकस." आणि मग, खाली बघत, "यंदा तं तू मना सयपाकच काढी लिधा. मंग मी कसानी सांगू?"

मी खाली बसले. म्हणजे वीस वर्षं नानांचं जे नशीब होतं, ते या खोलीत बसून वांग्यांची आणि उपासांची कारणं शोधत होतं. नाना कामाचं वेळापत्रक करत, अक्का माणसांचं. दोन्ही कधी एका कागदावर आलीच नव्हती. मधला पूल म्हणजे तिची चूल, आणि ती मी मोठ्या हुशारीने काढून टाकली होती. मला तिचा राग आला, नानांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मग मी तो तक्ता जमिनीवर पसरला आणि खालची 'मजूर बावीस' ही ओळ खोडली. म्हटलं, "सांग. कोण कधी जातं?" अक्का सांगत गेली. सायसिंगची टोळी रंगपंचमीनंतर येईल. दोन जोड्या चैत्रात केळीच्या कापणीला रावेरकडे जातात, पंधरा दिवसांत परत. टोळीतल्या जुग्याची बायको गरोदर आहे, तिला वर घमेलं द्यायचं नाही. यशवंत लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, तिथीच्या दिवशी त्याच्याकडून सेंट्रिंगची आशा धरायची नाही. मला यशवंत क्लॅरिनेट वाजवतो हेसुद्धा माहीत नव्हतं. कामांच्या प्रत्येक ओळीखाली मी माणसांची एक ओळ काढली, नावांसकट. कामं मागेपुढे सरकली. ज्या आठवड्यात माणसं नव्हती त्यात विटा भिजवणं, सळया कापणं, असली तीन-चार हातांची कामं बसली. कागद भयंकर दिसत होता. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण तो पहिल्यासारखा खोटा वाटत नव्हता.

माझी मुलगी पुण्याला हेच काम करते, संगणकावर. पडद्यावर माणसांचे रंगीत पट्टे असतात आणि कुणावर दुप्पट काम पडलं की पट्टा लाल होतो. मी तिला विचारलं, कुणाच्या घरी काय आहे ते यात कुठे कळतं? ती म्हणाली, आई, सुट्टी त्याने स्वतः भरायची असते. आपली सुट्टी कुणापाशी भरायची हे आमच्या टोळीतल्या बायकांनाही ठाऊक होतं.

टोळी परत आली. सायसिंगला मी विचारलं तर तो गोंधळून म्हणाला, "ताई, अक्काला सांगितलं होतं ना!" एरंडोलचा स्लॅब पडला, त्याला घरच्या बट्ट्या गेल्या. जामनेरचा पडला तेव्हा आखाजीला चार दिवस होते. सोमवारची फजिती धरूनसुद्धा खर्च नानांच्या नेहमीच्या खर्चापेक्षा कमी आला, मी सांगितला होता तेवढा कमी नाही. त्या रात्री जेवताना नाना म्हणाले, "उद्या पारोळ्याचं काम बघायला जायचंय. लवकर ऊठ." कंत्राटांचं काम मी अजून करते आहे, म्हणजे आता माझा मुलगा करतो आणि मी चुका काढते.

पण त्या बुधवारचं राहिलंच. तो मध्येच होता, टोळी परत यायच्या आधी, जेव्हा माझ्या हातात दुरुस्त केलेल्या तक्त्याशिवाय काही नव्हतं. नानांनी कॅलेंडरवर बुधवारी खूण केली होती. मंगळवारी सकाळी अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊ, बुधवारले पापड शेतस. गल्लीन्या बाया येतीन. पाव्हनास्ले कठे बसाडू, पिठमा?" नाना वैतागले, पण पापड म्हटल्यावर कोण काय बोलणार? मला वाटलं, अक्का अजून रागावली आहे, आता माझ्या बघण्याच्या कार्यक्रमातही खोडा घालते. हे बरं की वाईट तेही मला ठरवता येईना. निदान मदत करावी म्हणून मी उडदाचं पीठ काढायला कोठीत गेले. मोठा डबा उचलला तर तो हलका लागला. झाकण काढलं. आत काही नव्हतं. बाजूच्या डब्यात, पोत्यात, कुठेच उडदाचा एक दाणा नव्हता.

बाहेरून नानांनी हाक मारली, "काय गं, खरंच पापड आहेत का उद्या? किती किलोचे?"

स्वयंपाकघरातली भाकरी थापण्याची थाप थांबली होती. मी झाकण लावलं, डबा होता तिथे ठेवला आणि ओरडून सांगितलं, "पाच किलोचे, नाना." थाप पुन्हा सुरू झाली. मी बाहेर आले तेव्हा नाना खुर्चीवर चढून कॅलेंडरवरची खूण खोडत होते.